जुना ट्रॅक्टर चढाला तापतो आणि पाऊण तासात दम सोडतो, मदत हवी

भिलवडीकर
नमस्कार मंडळी. गेले आठ दिवस झोप नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

ट्रॅक्टर १९९७ चा, ४५ एचपी, चार सिलिंडर, डिझेलचा इनलाइन पंप. आप्पांनी पहिल्या उसाच्या बिलातून घेतलेला, त्यामुळं विकायचा विषय घरात निघत नाही आणि मलाही काढायचा नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या गोठ्याशेजारच्या शेडमध्ये हा चार दिवस बुडून होता. पाणी ओसरल्यावर ऑइल तीनदा बदललं, टाकी रिकामी करून नवीन डिझेल भरलं, चालू झाला. नंतर रोटर, पेरणी, फवारणीचं पाणी ओढणं अशी हलकी कामंच केली. यंदा दुसऱ्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर सोडून गेला म्हणून याच्यावर दोन ट्रॉल्या ऊस लावला आणि दोन दुखणी एकदम वर आली.

पहिलं, मळीतून (नदीकाठच्या रानातून) वर डांबरी रस्त्याला येईपर्यंत तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातो. दुसरं, भरल्या गाडीनं चाळीस-पंचेचाळीस मिनिटं झाली की इंजिन मिस मारायला लागतं, धापा टाकतं आणि बंद पडतं. दहा मिनिटं थांबून हॅन्ड प्रायमर (हातानं डिझेल पुढं ढकलायचा छोटा पंप) मारला की जसं काही झालंच नाही असं चालू होतं. रिकाम्या गाडीनं परत येताना एकदाही बंद पडत नाही.

दिवाळीच्या आधी एकदा असाच दम सोडला होता. तेव्हा एका ठिकाणी पंप उतरवून कॅलिब्रेशन करून घेतलं, चारही नोझल नवे टाकले. चौदा हजार गेले आणि बंद पडणं तसंच राहिलं. उलट तापणं त्यानंतर जास्त झालंय असं वाटतं, पण ऊसही त्याच आठवड्यात सुरू झाला, त्यामुळं नक्की सांगता येत नाही. तोडणीची टोळी शेतात बसून आहे. तोडलेला ऊस वाळतोय. काय करू?

माणदेशी
भावा, तापतंय म्हणून डिझेल पातळ होतंय आणि म्हणून बंद पडतंय. दोन्ही एकच आहे. आधी थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडं जाणारी पाण्याची वाट उघडझाप करणारी चकती, काढून टाक. आमच्या दहिवडी भागात सगळ्यांनी काढलेत, पाणी मोकळं फिरतं.

द्राक्षबाग तासगाव
हल्लीचं डिझेलच जुन्या पंपांना मानवत नाही. माझ्या ब्लोअरच्या ट्रॅक्टरलाही तीच तक्रार.

पंपमिस्त्री विटा
डिझेलमधलं गंधक १ एप्रिल २०२० पासून १० पीपीएमवर आलं हे खरं. त्यामुळं फार जुन्या रबरी सीलमधून कुठं कुठं पाझर सुरू होतो, तेही मी बघितलंय. पण डिझेल न मानवणारा पंप बरोबर पंचेचाळीस मिनिटांनी बंद पडून दहा मिनिटांनी बरा होणार नाही. थांबल्यावर जे बरं होतं ते बहुतेक वेळा पंपाच्या आधीच्या वाटेवर असतं: टाकी, नळी, जाळी, फिल्टर. पंप उतरवायच्या आधी हे बघायला पाहिजे होतं. तुमचे पैसे गेले याचं वाईट वाटतं.

फौजी अपशिंगे
भिलवडीकर, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी ईएमईमधून, म्हणजे सैन्याच्या वाहन-यंत्र दुरुस्ती दलातून, निवृत्त झालो, नोकरीतली बरीच वर्षं काश्मीर आणि लडाखात वाहनं दुरुस्त करण्यात गेली. तिथं बर्फ कापायची मशीन असायची आणि बर्फावर पट्ट्यांनी चालणारी जुनी स्नोकॅट. बाहेर उणे १५ आणि आत इंजिन उकळतंय, यावर नवीन पोरांचा विश्वास बसायचा नाही. पण गणित सोपं आहे. गाडी चालते ताशी आठ-दहा किलोमीटरनं, त्यामुळं समोरून वारा मिळत नाही. पट्टे सतत ओढत असतात, म्हणजे इंजिनाला एक क्षण विश्रांती नाही. आणि रेडिएटरच्या तोंडाला भुसभुशीत बर्फ उडून चिकटतो. तुमच्या दोन ट्रॉल्या, दुसरा गिअर आणि पाचटाचा भुगा म्हणजे तेच आहे, फक्त बर्फाच्या जागी पाचट.

डिझेलचंही तसंच. तिथं थंडीनं डिझेलमधलं मेण गोठून फिल्टरवर साय धरायची. थोडा वेळ चालायचं, फिल्टर बुजला की बंद. तुमच्याकडे मेण गोठणार नाही, पण काहीतरी येऊन तोंडावर बसतंय आणि इंजिन बंद झाल्यावर ओढ थांबली की बाजूला होतंय. माझा संशय पुराच्या पाण्यावर आहे.

माणदेशी दादांचं एक म्हणणं मला पटत नाही. दोन दुखणी एकाच वेळी दिसली म्हणून त्यांचं मूळ एक असतं असं नाही. डिझेल इंजिनला डिझेल कमी मिळालं तर ताकद कमी होते, उष्णता वाढत नाही. म्हणून दोन्ही वेगळी काढा. आधी डिझेल घ्या, कारण ते रस्त्यात बंद पाडतं, मागून उसाच्या गाड्या येत असतात आणि अंधारात तो जीवाशी खेळ आहे.

उद्या सकाळी एवढंच करा. फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) येणारी नळी सोडवा, खाली पाच लिटरचा कॅन धरा, तोटी पूर्ण उघडा आणि बघत बसा. आधी टाकीचं टोपण बंद ठेवून, मग उघडून. टोपण उघडल्यावर धार वाढली तर टोपणाचं श्वासाचं छिद्र बुजलंय. धार दोन्ही वेळा सारखीच मंदावली तर टाकीत हात घालायची वेळ आली. धार शेवटपर्यंत नीट राहिली तर पुढं जाळी आणि फिल्टर.

मिरजकर लेक
माझ्या वडिलांचं मिरजेत तीस वर्षं रेडिएटरचं दुकान होतं आणि मी हिशेबाला बसता बसता बरंच शिकले. थर्मोस्टॅटबद्दल हात जोडून सांगते, काढू नका. ज्या इंजिनला बायपास नळी (रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी) आहे, तिथं गरम झाल्यावर थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट उघडतो आणि बऱ्याच प्रकारांत त्याच वेळी बायपासची वाट बंद करतो. तो काढला की अर्धं पाणी रेडिएटरला न जाता बायपासमधूनच गोल गोल फिरतं. हलक्या कामाला कळत नाही, ओढीला लागलं की तापतं. शिवाय थंडीत इंजिन नीट गरम होत नाही, डिझेल जास्त खातं आणि लायनर लवकर झिजतात. वडिलांकडे निम्मी गिऱ्हाइकं "रेडिएटर खराब" म्हणून यायची आणि थर्मोस्टॅटच्या जागी नुसतं पॅकिंग निघायचं.

आणि दोन प्रश्न. पाणी कुठलं घालता? आणि गाडी थंड असताना रेडिएटरचं टोपण उघडून चालू केली तर पाण्यात बुडबुडे येतात का? सतत बुडबुडे आले तर हेड गॅस्केटमधून गॅस येतोय. ऑइलची पट्टी काढून बघा, ऑइल ताकासारखं पांढरट झालं असेल तर तिथंच थांबा.

भिलवडीकर
पाणी बोअरचं. भांड्यावर पांढरा थर बसतो असलं. बुडबुडे नाहीत, ऑइल स्वच्छ आहे, आत्ता बघून आलो. थर्मोस्टॅटचं घर उघडलं. आत काहीच नाही, कुणी कधी काढला आप्पांनाही आठवत नाही.

माणदेशी
ताई, हे मला माहीत नव्हतं. आमच्या ट्रॅक्टरलाही बायपास नळी आहे. बघतो.

भिलवडीकर
सकाळी सातला केलं. सगळं लिहितो, कारण असं काही मी आजवर बघितलं नव्हतं.

टोपण बंद ठेवून तोटी सोडली. करंगळीएवढी धार, एकदम जोरात. दोन लिटर झाले, धार तशीच. मी म्हटलं टाकी चांगली आहे. तिसऱ्या लिटरला धार सुतळीएवढी झाली आणि मग टिप टिप. टोपण उघडलं, काही फरक नाही. आप्पा शेजारी उभे होते, त्यांनी टाकीला मुठीनं दोन ठोसे दिले आणि धार पुन्हा करंगळीएवढी. अर्ध्या मिनिटात परत सुतळी.

मग सगळं डिझेल काढलं, टाकी उतरवली, तोंडातून बॅटरी मारून बघितलं. तळाला पुराचा गाळ, कपाला चहाचा चोथा चिकटतो तसा कोपऱ्यात चिकटलेला. आणि त्याच्यावर काळा, बुळबुळीत पडदा. तारेनं उचलला तर तुटेना, ओल्या चामड्यासारखा लोंबत बाहेर आला. तळहातापेक्षा मोठा. वास कुजक्या अंड्यासारखा. तो पडदाच खालच्या नळीच्या तोंडावर जाऊन बसत होता. आप्पा बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "पूर अजून घरातच होता."

हे नक्की आहे काय? २०१९ मध्ये टाकी रिकामी केली होती की.

पंपमिस्त्री विटा
रिकामी केली होती, धुतली नव्हती. टाकीच्या आत आडव्या पाट्या असतात, त्यांच्या मागं वाटीभर पाणी राहिलं तरी पुरतं. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसतं, आणि पाणी आणि डिझेल जिथं भेटतात त्या रेषेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. डिझेल हेच त्यांचं खाणं. तो काळा पडदा त्यांचाच. हलक्या कामाला डिझेल हळू ओढलं जातं म्हणून पडदा जागचा हलत नव्हता. ओढीला डिझेल जास्त लागतं, ओढ वाढते, पडदा सरकत तोंडाशी येतो.

आता टाकी अशी धुवा: दोन लिटर स्वच्छ डिझेल आणि मूठभर स्वच्छ धुतलेली वाळलेली खडी, किंवा सायकलची जुनी चेन, आत टाकून दोघांनी धरून घुसळा. काढा, परत करा, निघणारं डिझेल स्वच्छ येईपर्यंत. खडी मोजून टाका आणि मोजून काढा. पाण्यानं धुवायची असेल तर नंतर दोन दिवस उन्हात तोंड खाली करून वाळवा. एक विनंती, टाकीला कुठं भोक दिसलं तर तशीच वेल्डिंगला नेऊ नका. रिकाम्या टाकीतली डिझेलची वाफ भरल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची.

फिल्टर दोन्ही बदला, पहिला कापडी आणि दुसरा कागदी. फीड पंपाला जो पोकळ बॅन्जो बोल्ट आहे त्याच्या आत बोटाच्या पेरापेक्षा लहान जाळी असते, ती विसरतात सगळे. तिथंही हाच चिखल असणार.

डिझेलच्या वाटेतली एअर काढताना आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, आणि घाई नको. फेस थांबून नुसतं डिझेल आलं की स्क्रू आवळायचा, हात प्रायमरवरच ठेवून. शंका असेल तर फीड पंपाच्या आधी गवंडी लेव्हलला वापरतात ती पारदर्शक नळी हातभर जोडा आणि ट्रॅक्टर जागेवर चालवून बघा. बुडबुडा सरकताना दिसला तर कुठून तरी हवा ओढतोय. बघून झाल्यावर ती नळी काढा, गरम इंजिनशेजारी कायमची ठेवायची ती नव्हे.

भिलवडीकर
जाळी काढली. जाळी होती हेच कळत नव्हतं, काळ्या मेणाचा गोळा. टाकी चार वेळा घुसळली. फिल्टर दोन्ही नवे. लेव्हलच्या नळीत एक बुडबुडा नाही.

काल दोन ट्रॉल्या घेऊन भिलवडीतून कारखाना आणि परत, वाटेत कुठंही मिस नाही. सव्वातीन तास इंजिन चालू होतं. पंपमिस्त्री, फौजीसाहेब, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही.

पण तापणं तसंच आहे.

वाई पसरणी
आमच्या पसरणी घाटात कायम हेच. भरलेली गाडी पाचगणीला नेताना वाटेत थांबून पाणी ओतणारे रोज दिसतात. आम्ही रेडिएटरचं टोपणच सैल ठेवतो, म्हणजे वाफ निघून जाते.

फौजी अपशिंगे
तसं करू नका. टोपणाचं काम पाणी आत कोंडून ठेवण्यापुरतं नाही. पाचगणी साधारण १३०० मीटरवर आहे, तिथं उघड्या भांड्यातलं पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळतं. ०.५ बारचं चांगलं टोपण तेच पाणी १०८ पर्यंत उकळू देत नाही. सैल टोपणानं तुम्ही ते बारा अंश स्वतःच्या हातानं घालवता. झोजिलाला साडेअकरा हजार फुटांवर उघडं पाणी ८८ लाच उकळायचं, तिथं फाटक्या रबराचं टोपण म्हणजे दिवसाचं काम बंद. टोपणाचं रबर आणि स्प्रिंग बघा, शंका असेल तर नवीन घ्या. शे-दोनशे रुपयांची वस्तू आहे.

आणि गरम गाडीचं टोपण उघडू नका, गरम इंजिनात थंड पाणी ओतू नका. पहिल्यानं हात भाजतो, दुसऱ्यानं हेडला तडा जातो. जागेवर कमी रेसवर चालू ठेवा, काटा खाली येऊ द्या, मग बंद करा.

मिरजकर लेक
भिलवडीकर, आता रेडिएटर. पुढची जाळी काढून बॅटरी मारा. रेडिएटरच्या मागून, पंख्याच्या बाजूनं, कुणाला तरी बघायला सांगा. उजेड आरपार दिसतो का? पाचटाचा भुगा नुसता असेल तर हवेनं उडतो, पण ऑइलचा ओलसर थर असेल तर त्याचं लिंपण होतं. आधी धुण्याचा साबण पाण्यात कालवून ब्रशनं लावा, अर्धा तास ठेवा, मग पंख्याच्या बाजूनं पुढच्या बाजूकडे साधं नळीचं पाणी मारा. वॉशिंग सेंटरचा फवारा जवळून मारला की पत्र्या आडव्या पडतात आणि वारा कायमचा अडतो.

नंतर बेल्ट अंगठ्यानं दाबून बघा, बोटाच्या जाडीएवढा दबला पाहिजे, जास्त नको. पंख्याभोवतीचं गोल कव्हर जागेवर आहे का? ते नसेल तर पंखा तीच गरम हवा घोटत बसतो. खालचा होज इंजिनाच्या ओढीनं आत चिमटतो का तेही रेस देऊन बघा.

बोअरच्या पाण्याचे क्षार आत नक्की बसलेत. रेडिएटर रॉडिंगला द्या. त्याच्या वरखालच्या टाक्या उघडून प्रत्येक नळीतून पट्टी फिरवतात. ॲसिडनं साफ करतो म्हणणाऱ्याकडे देऊ नका, जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरचं डाग दिलेलं कथील त्यात जातं आणि महिन्यात गळती लागते.

भिलवडीकर
आरपार उजेड वरच्या तीन बोटांतच दिसला. बाकी सगळं लिंपण. कव्हर शेडच्या माळ्यावर सापडलं, बेल्ट बदलताना काढलेलं. रेडिएटरवाल्यानं रॉडिंग केलं, नळ्यांतून पांढऱ्या खापऱ्या निघाल्या, एक पाव किलोची पिशवी भरेल एवढ्या.

नवीन थर्मोस्टॅट आणला, त्यावर ८२ लिहिलंय. बसवायच्या आधी तपासला. शेजारच्या गुऱ्हाळातून तापमापक मागून आणला, गूळ उतरवताना ११८ अंशांपर्यंत बघावं लागतं म्हणून त्यांच्याकडे चांगला असतो. आईच्या जुन्या पातेल्यात पाणी ठेवलं, थर्मोस्टॅट दोऱ्यानं टांगला, तळाला टेकू दिला नाही. ८१ ला चकती कडेनं केसभर उचलली, ९३ ला पूर्ण उघडली. मुलगा मोठ्यानं अंश वाचत होता. आता कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं भरलंय.

फरक बराच आहे. सपाटीला काटा मधोमध. मळीच्या चढाला मात्र अजून लाल पट्ट्याच्या कडेला टेकतो. आणि सकाळी चालू होताना पांढरा धूर येतो, डोळे चुरचुरतात.

पंपमिस्त्री विटा
पांढरा धूर कधीपासून?

भिलवडीकर
पंप बसवून आणल्यापासून. नवीन नोझल आहेत, रुळतील, असं सांगितलं होतं.

पंपमिस्त्री विटा
पंपाच्या फ्लँजवर एक रेघ असते आणि समोर इंजिनाच्या अंगावर एक. पुसून, स्वच्छ करून, समोरून फोटो टाका.

भिलवडीकर
टाकलाय. दोन रेघांत अंतर आहे. पट्टीनं मोजलं, ४ मिलिमीटर.

पंपमिस्त्री विटा
मिळालं. पंप उशिरा डिझेल मारतोय. पिस्टन खाली जायला लागल्यावर जळत राहिलं की ताकद कमी, पांढरट धूर, आणि उष्णता कामाला न लागता हेडमध्ये आणि सायलेन्सरमध्ये जाते. चढाला सायलेन्सरची मुळाशी लाली दिसत असेल रात्री. म्हणजे डिझेलच्या वाटेतला चिखल पंपाच्या नावावर गेला, पंप उतरवला, आणि बसवताना दुसरं दुखणं लागलं. तुमचा अंदाज पहिल्याच पोस्टमध्ये बरोबर होता, तापणं पंपानंतरच वाढलं.

रेघा जुळवा, पण तेवढ्यावर सोडू नका, कारण पंपासमोरचं इंजिनाचं कव्हर कधी बदललेलं असेल तर रेघही खोटी असते. थेंबावर टायमिंग (पंपानं डिझेल मारायची नेमकी वेळ) करून घ्या. पंपावरच्या पहिल्या सिलिंडरच्या डिलिव्हरी होल्डरमधला व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढायची, तिथं वाकडी नळी लावायची, प्रायमर मारत फ्लायव्हील सावकाश फिरवायचं. धार तुटून थेंबावर आली ती जागा फ्लायव्हीलच्या अंशाशी जुळली पाहिजे. अंश किती ते तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात बघा, अंदाजानं नको. व्हॉल्व्ह ठेवताना स्वच्छ डिझेलच्या वाटीत ठेवा, फडक्यावर नको, धागा चिकटतो.

भिलवडीकर
विट्याला येऊ का तुमच्याकडे?

पंपमिस्त्री विटा
भरल्या हंगामात ट्रॅक्टर एवढ्या लांब कशाला आणता. रविवारी मी पलूसला पाहुण्यांकडे येतोय, वाकडी नळी पिशवीत टाकतो.

फौजी अपशिंगे
मिस्त्री, मन भरून आलं. भिलवडीकर, झालं की लिहा नक्की.

भिलवडीकर
रविवारी मिस्त्री आले. चहासुद्धा काम झाल्यावर घेतला. फ्लायव्हील मी फिरवत होतो, ते थेंब बघत होते, आप्पा बॅटरी धरून. तीनदा केलं, तिन्ही वेळा थेंब एकाच जागी तुटला, तेव्हा बोल्ट आवळले. पहिल्या अर्ध्या चक्करला चालू झाला. पांढरा धूर नाही.

काल संध्याकाळी मळीतून दोन ट्रॉल्या वर काढल्या. काटा मधल्या रेघेच्या बोटभर वर गेला आणि डांबरीला लागल्यावर परत खाली. आता कारखान्याच्या अड्ड्यातून लिहितोय, गव्हाणीला (कारखान्यात ऊस टाकायच्या जागेला) लागायला अजून साठेक गाड्या पुढं आहेत. आप्पा हट्टानं बरोबर आलेत. पायरीवर बसून बॉनेटवर हात ठेवून बघतायत, दर पंधरा मिनिटांनी.

माणदेशी
भिलवडीकर, आमचाही उघडला. थर्मोस्टॅट नाही आणि बॅन्जोच्या जाळीत चिखल. मिरजकर ताई, ८२ चाच घेऊ ना?

मिरजकर लेक
जुन्या घरावर किंवा पुस्तकात आकडा असेल तो घ्या दादा. आणि बसवताना त्यावरचं बारीक छिद्र वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथूनच निघते.